परदेशात घडणाऱ्या जुन्या हॉलिवूड संगीतिका: खरं किती, नेपथ्य किती, आणि तपासायचं कसं?

एरंडवणेकर

आमच्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यातल्या चारही रविवारी सकाळी जुन्या हॉलिवूड संगीतिका दाखवायच्या ठरल्या आहेत. अट एकच, गोष्ट अमेरिकेबाहेर घडणारी हवी. सध्याची यादी अशी: 'द किंग अँड आय' (१९५६), 'ब्रिगाडून' (१९५४), 'किस्मेट' (१९५५) आणि 'द साउंड ऑफ म्यूझिक' (१९६५). प्रत्येकाआधी वीस मिनिटांची ओळख आणि हातात एक पानी टिपण द्यायचं आहे. त्यात त्या देशाची संस्कृती कितपत खरी दाखवली आहे हे सांगायचं आहे.

यादी झाल्यापासून वाद सुरू आहेत. एका सभासदांच्या मते 'साउंड ऑफ म्यूझिक' सगळ्यात अस्सल, कारण तो प्रत्यक्ष ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला चित्रित झाला. दुसऱ्या म्हणतात, 'किंग अँड आय'वर थायलंडमध्येच बंदी होती, मग आपण तरी का दाखवायचा? मंडळात गाणं शिकणारे, भरतनाट्यम करणारे आणि इतिहासाची आवड असणारे असे सगळे आहेत, त्यामुळे 'त्या काळी असंच असायचं' एवढ्यावर कोणाचं समाधान होणार नाही.

माझे प्रश्न: अस्सलपणा तपासायचा तर नेमकं काय काय बघायचं? यादीत बदल सुचवाल का? आणि टिपणात काय घालू नये?

---

नेपथ्य

पहिली गोष्ट, 'अस्सल आहे की नाही' असा एकच प्रश्न विचारू नका, उत्तर मिळत नाही. टिपणाला पाच रकाने करा: जागा, माणसं आणि त्यांचे आवाज, नाच, संगीत, इतिहास. प्रत्येक चित्रपटाचा निकाल रकान्यागणिक वेगळा लागतो, आणि गंमत तिथेच आहे. जागेत पैकीच्या पैकी मिळवणारा इतिहासात साफ नापास होतो.

तुमच्या सभासदांचा साल्झबुर्गचा मुद्दा घ्या. बाहेरची बरीचशी दृश्यं खरंच तिथली आहेत, नोनबर्गच्या मठाचं फाटकसुद्धा. पण घराच्या आतली दृश्यं लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत घेतली. सुरुवातीला नायिका मारिया ज्या डोंगरावर गात फिरते तो मेल्वेग, मार्क्टशेलेनबर्गजवळ, म्हणजे जर्मनीत. लग्न लागतं ते मोंडझेच्या चर्चमध्ये. खऱ्या मारियाचं लग्न १९२७ साली नोनबर्गलाच झालं होतं. म्हणजे चित्रपटात ते सुमारे अकरा वर्षं पुढे सरकवून १९३८च्या नाझी ताब्याला चिकटवलं आहे.

कुटुंब डोंगर ओलांडून पळतं ते शेवटचं दृश्य तर नकाशा समोर ठेवूनच दाखवा. साल्झबुर्ग जर्मन सीमेला लागून आहे. तिथून त्या बाजूचा डोंगर चढून माणूस उतरतो तो बेर्ख्टेसगाडेनच्या अंगाला, म्हणजे थेट हिटलरच्या डोंगरातल्या घराच्या शेजारी! खरं कुटुंब आगगाडीत बसून इटलीला गेलं. कुटुंबप्रमुख कॅप्टन फॉन ट्राप यांचा जन्म झाराचा. पहिल्या महायुद्धानंतर ते गाव इटलीकडे गेलं, त्यामुळे त्यांच्याकडे इटलीचं नागरिकत्व होतं. मारिया आली होती ती सगळ्यांची आया म्हणून नव्हे, तर आजारातून उठलेल्या एका मुलीची शिकवणी घ्यायला. मुलं तिच्या आधीपासून गात होती. त्यांना तालमीत तयार करणारे फ्रांझ वासनर हे धर्मगुरू चित्रपटात औषधालाही नाहीत.

आता दुसरं टोक, 'ब्रिगाडून'. निर्माता आर्थर फ्रीड स्कॉटलंडला जाऊन गावं पाहून आला आणि हवं तसं स्कॉटलंड स्कॉटलंडमध्ये मिळत नाही अशा निष्कर्षाला आला. मग एमजीएमच्या स्टुडिओत अख्खी दरी उभारली. मागचा भव्य पडदा जॉर्ज गिब्सनच्या देखरेखीखाली रंगवला गेला, आणि तो गिब्सन मूळचा एडिनबराचा. म्हणजे खोटं स्कॉटलंड रंगवून घेणारा माणूस मात्र अस्सल स्कॉटिश. एक डोळस प्रेक्षक मिळाला तर त्याला पडदा आणि जमीन जिथे मिळतात ती रेघ शोधायला सांगा. झुडपं आणि धुकं नेमकं त्याच ठिकाणी दाट केलेलं आहे.

त्यातली कपड्यांची चूक मोठी आहे. गोष्टीप्रमाणे गाव १७५४ साली जगातून नाहीसं झालं. १७४६च्या कायद्याने डोंगराळ भागातल्या पुरुषांना किल्ट आणि टार्टन (चौकड्यांचं कापड) घालायला बंदी होती, ती उठली १७८२ला. म्हणजे ज्या वर्षी गाव गोठलं त्या वर्षी हा पोशाख गुन्हा होता. घराण्यागणिक ठरलेले चौकडे ही फॅशनही मुख्यतः १८२२ला ब्रिटनचा राजा स्कॉटलंडला आला त्या भेटीनंतर पक्की झाली. आणि ज्या पुलावरून गावाचं नाव सुचल्यासारखं वाटतं तो ब्रिग ओ' डून एअरशरमध्ये, सखल भागात आहे.

यादीत 'साउथ पॅसिफिक' (१९५८) घ्यायला हरकत नव्हती. हवाईच्या काउआई बेटावर जाऊन चित्रित केला, आणि मग गाण्यांच्या वेळी कॅमेऱ्यावर रंगीत फिल्टर लावून खरा समुद्र पिवळा-जांभळा करून टाकला. नको असल्यास रंग नंतर प्रयोगशाळेत काढता येतील अशी समजूत होती, पण प्रदर्शनाच्या तारखा आधीच ठरलेल्या, वेळच उरला नाही. खऱ्या जागेचं नेपथ्य कसं करावं याचा हा नमुना. टोंकिनहून (उत्तर व्हिएतनाम) मळ्यांवर आणलेल्या मजूर बाईच्या भूमिकेत आफ्रिकी-अमेरिकी हुआनिता हॉल, आणि तिचं गाणं तिच्या आवाजात नाही, म्यूरिएल स्मिथच्या. पण अडीच तासांच्या वरचा चित्रपट आहे, आणि असा एक लांब चित्रपट यादीत आधीच आहे.

---

लष्कर_कॅम्प

'किंग अँड आय' वगळू नका, पहिल्या रविवारी लावा. पुण्याचा या चित्रपटाशी थेट संबंध आहे आणि बहुतेकांना तो ठाऊक नसतो.

चित्रपटाची नायिका म्हणजे सयामच्या (थायलंडचं जुनं नाव) दरबारात शिकवायला गेलेली अ‍ॅना लिओनोवेन्स. ती आपण वेल्समध्ये जन्मलो असं सांगत असे. प्रत्यक्षात तिचा जन्म १८३१ साली अहमदनगरचा, आताचं अहिल्यानगर. वडील थॉमस एडवर्ड्स हे कंपनीच्या फौजेत सार्जंट, तिच्या जन्माआधीच वारले. आईकडून तिच्यात बहुधा थोडं भारतीय रक्तही होतं. आणि तिचं लग्न २५ डिसेंबर १८४९ रोजी पुण्यात लागलं. नवरा थॉमस लिऑन ओवेन्स; पगारवाटपाच्या कचेरीत कारकुनी केलेला आयरिश माणूस, तिच्या पुस्तकात मात्र लष्करी अधिकारी झाला आहे. त्याचं मधलं नाव आणि आडनाव जोडून 'लिओनोवेन्स' झालं. १८५९ला तो पिनांगला वारला, आणि १८६२च्या मार्चमध्ये ती बँकॉकला पोचली.

हे सगळं उजेडात आणलं ते डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांनी, १९७०च्या दशकात. हे गृहस्थ मूळचे कोळ्यांचे तज्ज्ञ, भिंतीवरच्या कोळ्यांचे. तिच्या मुलाचं चरित्र लिहायला बसले आणि आईच्या जन्माची नोंद सांगितल्या जागी सापडेना. मुंबई इलाख्याच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या चर्चनोंदी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत. बंगालची एन/१, मद्रासची एन/२. तुमच्या इतिहासवाल्यांना शोधाशोध करायची हौस असेल तर मालिका बरोबर धरा, नाहीतर कलकत्त्याच्या नोंदींत वेळ जातो.

आता चित्रपटाच्या मुख्य दाव्याकडे येऊ: इंग्रज बाई येते आणि अडाणी राजाला जग दाखवते. तारखा लावून बघा.

राजा मोंगकुट गादीवर आला १८५१ला. त्याआधी २७ वर्षं तो भिक्खू होता. पाली तर येतच होतं, शिवाय लॅटिन, इंग्रजी आणि खगोलशास्त्र शिकला होता. इंग्रजांशी व्यापाराचा बाउरिंग तह झाला १८५५ला, म्हणजे अ‍ॅना यायच्या सात वर्षं आधी. अमेरिकेच्या अध्यक्षाला हत्ती देऊ करणारं पत्र त्याने १८६१च्या फेब्रुवारीत लिहिलं, आणि लिंकनचं नम्र नकाराचं उत्तर १८६२च्या फेब्रुवारीतलं. दोन्ही ती पोचायच्या आधीची. हत्ती लढाईसाठी नव्हते, तिकडच्या जंगलात त्यांची पैदास करून कामाला लावावेत अशी कल्पना होती. चित्रपटातला तो प्रसंग हसवतो खरा, पण हसं होतं ते चुकीच्या माणसाचं.

शेवटी राजा मरताना अ‍ॅना जवळ असते. ती १८६७लाच सयाम सोडून गेली होती. राजाने १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाचं गणित स्वतः केलं, वा को इथे परदेशी पाहुण्यांना बोलावून ते दाखवलं, तिथे हिवतापाने धरलं आणि १ ऑक्टोबरला तो गेला. त्याच ग्रहणात आपल्याकडे गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन सूर्याचा वर्णपट घेत होता. ज्याला 'रानटी आहे का नाही' अशा तराजूत चित्रपटभर तोललं जातं तो माणूस ग्रहणाच्या गणितापायी गेला, हे टिपणात ठळक टाका.

मुलगा चुलालोंगकोर्न मृत्युशय्येशेजारी उभा राहून लोटांगणाची प्रथा बंद करतो. प्रथा त्यानेच बंद केली हे खरं, पण १८७३ला, दुसऱ्या राज्याभिषेकाच्या वेळी. गुलामगिरी १८७४पासून टप्प्याटप्प्याने, १९०५पर्यंत.

राजाच्या जनानखान्यातल्या तुप्तिमचा प्रसंग अ‍ॅनाच्या १८७३च्या दुसऱ्या पुस्तकातून येतो. त्या पुस्तकात राजवाड्याखालच्या अंधारकोठड्या आहेत. बँकॉकची जमीन इतकी पाणथळ की थोडं खणलं तरी पाणी लागतं. तिथे तळघरं कुठून येणार, हा आक्षेप अभ्यासकांनी फार पूर्वी घेतला आहे. तेव्हा साखळी अशी सांगा: १८७०चं आणि १८७३चं अ‍ॅनाचं स्वतःचं लेखन, त्यावरून १९४४ची कादंबरी, तिच्यावरून १९५१चं रंगमंचीय संगीतक, त्यावरून १९५६चा चित्रपट. चौथ्या हातात आलेला माल आहे. यातल्या कुठल्याच टप्प्यावर सयामी माणसाची बाजू आलेली नाही.

जाता जाता: भयपटांतला बोरिस कार्लोफ हा अ‍ॅनाच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. टिपणात नको, चहाच्या वेळी सांगा.

---

कोमल_गंधार

संगीताचा रकाना कोणी भरत नाही म्हणून लिहितो.

थायी दरबारी वाद्यवृंदात सप्तकाचे सात स्वर जवळजवळ समान अंतरावर असतात. सप्तक १२०० सेंट धरलं तर प्रत्येक पायरी सुमारे १७१ सेंटची. आपला पेटीवरचा अर्धा सूर १०० सेंट, पूर्ण सूर २००. म्हणजे त्यांचा दुसरा स्वर १७१ला, शुद्ध रिषभाच्या थोडा खाली. तिसरा ३४३ला, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या बरोबर अध्येमध्ये. मध्यम ५१४ आणि पंचम ६८६, हे दोन आपल्या कानाला खटकत नाहीत. धैवत ८५७ला पुन्हा अधांतरी, निषाद १०२९ला कोमलच्या जरा वर. हे गणित आदर्श धरायचं. प्रत्यक्ष कारागीर कानाने जुळवतात, त्यामुळे एका वाद्यवृंदाचे स्वर दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाहीत.

हॉलिवूडचा वाद्यवृंद हे वाजवूच शकत नव्हता. पियानो, क्लॅरिनेट, हार्प सगळी बारा समान भागांची. म्हणून 'किंग अँड आय'चा संगीतकार रिचर्ड रॉजर्सने अस्सलपणाचा आव आणलाच नाही. मोकळे पंचम, शेजारशेजारचे स्वर एकदम दाबून केलेला खडखडाट, मध्ये झांजा-घंटा, एवढ्यावर 'परकं' वातावरण उभं केलं. राजपुत्रांच्या प्रवेशाची कूच ऐका, कृती कळते. मला हे प्रामाणिक वाटतं. खोटं सयामी करण्यापेक्षा उघड अमेरिकी बरं.

ओळखीच्या वेळी प्रात्यक्षिक करायचं असेल तर ज्याला स्वरागणिक सूर बदलण्याची सोय आहे असा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्या, त्या सोयीला स्केल ट्यूनिंग म्हणतात. सा पांढरी एकवर, म्हणजे सी वर ठेवून: डी उणे २९, ई उणे ५७, एफ अधिक १४, जी उणे १४, ए उणे ४३, बी उणे ७१. काळ्या पट्ट्यांना हात लावू नका. नेहमी होणारी चूक ही की लोक मास्टर ट्यूनिंग फिरवतात. त्याने अख्खा कीबोर्ड वर-खाली सरकतो आणि अंतरं होती तशीच राहतात. काही कीबोर्डांत उणे ६४च्या खाली जाता येत नाही. मग ई उणे ५७वर बसतो पण बी अडतो, अशा वेळी काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट, अधिक २९ करून निषाद तिथून वाजवा. बासरीचा नाही, लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचा आवाज निवडा, रनात या थायी लाकडी पट्ट्यांच्या वाद्याच्या जवळ जातो. सा ते सां सावकाश वाजवून दाखवलं की गंधारावर सगळं सभागृह मान वळवतं.

'किस्मेट'चं प्रकरण निराळं. गोष्ट बगदादची, चाली रशियन बोरोदिनच्या. त्यातली सगळ्यात गाजलेली चाल त्याच्या 'प्रिन्स ईगर' ऑपेरातल्या पोलोव्हत्सी नृत्यांची, म्हणजे एका रशियनाने कल्पिलेलं स्टेप या गवताळ प्रदेशातल्या भटक्यांचं संगीत. ते उचलून अरबांच्या गळ्यात घातलं. बगदादचा एकही मकाम (अरबी संगीतातला रागासारखा स्वरसमूह) त्यात नाही. १९५४ला बोरोदिनला मरणोत्तर टोनी पुरस्कारही मिळाला, मरून सदुसष्ट वर्षं झाल्यावर!

आणि 'साउंड ऑफ म्यूझिक'मधलं एडेलवाइस फुलाचं गाणं ऑस्ट्रियाचं लोकगीत असल्याचं टिपणात लिहू नका. ते १९५९च्या नाटकासाठी न्यूयॉर्ककडच्या मंडळींनीच रचलं. ऑस्कर हॅमरस्टाइनने लिहिलेलं ते शेवटचं गीत.

संगीताच्या बाजूने खरोखर मुळाशी गेलेला चित्रपट हवा तर 'फिडलर ऑन द रूफ' (१९७१) विचारात घ्या. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या संगीतात फ्रायगिश नावाचा स्वरसमूह आहे: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद. हे स्वर वाचून पुण्यातला कुठलाही कानसेन बसंत मुखारी म्हणेल. अर्थात राग नव्हे, फक्त स्वर तेच. तो रंग त्या चित्रपटात जागोजागी येतो आणि वरून चिकटवलेला वाटत नाही.

---

अरैमंडी

नाचाबद्दल तीन गोष्टी, बाकी वर आलंच आहे.

'किस्मेट'चा नृत्यदिग्दर्शक जॅक कोल भरतनाट्यम शिकलेला होता. १९३०च्या दशकापासून तो नाइटक्लबांत त्या हालचाली स्विंग संगीतावर बसवून नाचत असे. म्हणून बगदादच्या दरबारात आलेल्या त्या तीन राजकन्या बघताना आमच्यासारख्यांना एकदम घरचं काहीतरी दिसतं. मान खांद्यांच्या रेषेत आडवी सरकते ती ग्रीवाभेदातली सुंदरी. गुडघे बाहेर वळवून खाली बसलेला अरैमंडीसारखा पवित्रा आहे, हातात पताक आणि अलपद्म या मुद्रा ओळखू येतात. पण मुद्रांना अर्थ काहीच नाही. अभिनय काढून टाकून फक्त आकार घेतले आहेत, आणि पायाखाली ताल आहे तो चार मात्रांचा जॅझ. बगदादशी याचा काडीचा संबंध नाही. तरीही तंत्र म्हणून हात स्वच्छ आहेत, नुसते हवेत फिरवलेले नाहीत. वर्गातल्या मुलींना ओळखा म्हणून सांगा, दोन मिनिटांचा तुकडा पुरे.

'किंग अँड आय'मधला जेरोम रॉबिन्सचा सुमारे पाव तासाचा नृत्यनाट्याचा भाग मात्र गांभीर्याने अभ्यासून केलेला आहे. बोटं मागे वळवलेली, तळपाय मागे उचलून काटकोनात धरलेला, उंच टोकदार मुकुट, मुखवटे, ही सामग्री थायी-कंबोडियन दरबारी नृत्याची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नर्तक बोलत नाहीत, कथा बाजूला बसलेली निवेदिका आणि तिचा समूह सांगतो. खोन आणि लाखोन या नाट्यप्रकारांची रीत हीच. चूक कुठे होते? उड्या आणि समूहाच्या रांगा बॅलेच्या आहेत. थायी नृत्यात वजन खाली असतं, गुडघ्यातून हलकासा झोका चालू राहतो. इथे नर्तक वर उचलले जातात. मुख्य नर्तिका युरिको जपानी-अमेरिकी, मार्था ग्रॅहमकडे तयार झालेली. तुप्तिमचं काम करणारी रिटा मोरेनो पोर्तो रिकोची, युवराज झालेला पॅट्रिक अडियार्टे मनिलाचा, राजा यूल ब्रिनर व्लादिवोस्तोकचा. सयामी कोणी नाही. देबोरा कारची गाणी मार्नी निक्सनने गायली आहेत, तीच निक्सन पुढे 'साउंड ऑफ म्यूझिक'मध्ये नन म्हणून दिसते.

साल्झबुर्गच्या चित्रपटात अंगणातला लेंडलर आहे. तीन मात्रांचा, ऑस्ट्रियातला शेतकऱ्यांचा जोडीनृत्य-प्रकार, वॉल्ट्झच्या आधीचा. हात न सोडता एकमेकांभोवती वळून चेहऱ्यासमोर खिडकी करायची, ही त्यातली जुनी आकृती, ती खरी आहे. पायांचे ठोके आणि टाळ्या जवळजवळ गाळल्या आहेत. चालही लोकांची नाही, चित्रपटातल्याच मेंढपाळाच्या गाण्याची संथ केलेली.

---

साकी_दिंडी

सगळं वाचलं, माहिती झकास. पण मोजपट्टीच चुकते आहे असं वाटतं. बुधवार पेठेत आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८०ला 'संगीत शाकुंतल' उभं राहिलं तेव्हा हस्तिनापूरचा राजा साकी आणि दिंडी म्हणत होता. कोणी म्हणालं का की हे संस्कृतिबाह्य आहे? संगीतक हा प्रकारच मुळात खोटा. माणसं बोलता बोलता गातात. 'हान्स क्रिश्चन अँडरसन'ने (१९५२) तर सुरुवातीलाच पाटी लावली की हे चरित्र नव्हे, परीकथा आहे. विषय संपला.

---

लष्कर_कॅम्प

साकी_दिंडी, दुष्यंत साकी म्हणाला तेव्हा ऐकणारे, रचणारे आणि ज्यांची गोष्ट ते, सगळे एकाच घरचे होते. मोंगकुटचे वंशज आजही गादीवर आहेत आणि ते चित्रपटाच्या खोलीत नव्हते. पाटीही तिथे नाही, उलट खऱ्या बाईच्या आठवणी म्हणून माल विकला गेला. १९९९ला त्याच गोष्टीवर नवा चित्रपट काढायचा ठरला तेव्हा थायलंडने चित्रीकरणालाही परवानगी दिली नाही, मलेशियात करावं लागलं.

आणि तक्रारीचा उपयोग होतो तो तिकीटबारी हातात असेल तर. 'डाउन अर्जेंटाइन वे' (१९४०) मध्ये ब्राझीलची कार्मेन मिरांडा ब्युनोस आयर्सला पोर्तुगीजमधून गाते, आणि टँगोच्या देशात ठेका क्यूबन. तिची दृश्यं तर न्यूयॉर्कलाच चित्रित केली, कारण ती तिथल्या क्लबच्या कराराने बांधलेली होती. अर्जेंटिनात बोंब झाली. युद्धामुळे युरोपचा बाजार हातचा गेलेला, दक्षिण अमेरिका सांभाळणं भाग, शिवाय वॉशिंग्टनला लॅटिन अमेरिकेशी संबंध सांभाळणारं नेल्सन रॉकफेलरचं खास कार्यालय त्याच वर्षी उघडलेलं. लगोलग १९४१मध्ये पटकथा तपासणाऱ्या हेज ऑफिसात लॅटिन अमेरिकेचा जाणकार नेमला गेला. सयामच्या वाट्याला असा जाणकार कधी आला नाही, कारण बाजार लहान.

---

साकी_दिंडी

बाजाराचा मुद्दा मान्य. घरच्यांचा अर्धाच. कण्वाच्या आश्रमात पुणेरी ब्राह्मणी बोलणं चालतं ते आपण घरचे म्हणून की आपलं वर्चस्व म्हणून, यावर वेगळा धागा काढा, येतो.

---

एरंडवणेकर

सगळ्यांचे आभार. पाच रकाने पक्के. क्रम असा ठरवतो आहे: 'किंग अँड आय', 'किस्मेट', 'ब्रिगाडून', शेवटी 'साउंड ऑफ म्यूझिक'. 'फिडलर'ची फार इच्छा आहे, पण तो तीन तासांचा. आमच्या सभागृहात पडदा आठ फूट रुंद आहे आणि वेळ साडेनऊ ते साडेबारा. काही तांत्रिक अडचण दिसते का?

---

नेपथ्य

दोन दिसतात.

वेळ: 'साउंड ऑफ म्यूझिक' १७४ मिनिटं. वीस मिनिटांची ओळख आणि दहा मिनिटांचं मध्यंतर धरलं तर २०४, म्हणजे साडेबाराला सभागृह रिकामं करून द्यायचं असेल तर नऊला सुरू करून त्या दिवशी ओळखीला पाचच मिनिटं ठेवा. मध्यंतर चित्रपटात दिलेलं आहे तिथेच घ्या, मनाने तोडू नका. बाकी तिघांना अडचण नाही. 'ब्रिगाडून' १०८, 'किस्मेट' ११३, 'किंग अँड आय' १३३.

चौकट: पहिले तीनही सिनेमास्कोपचे, रुंदी उंचीच्या २.५५ पट. तुमचा पडदा सोळाला नऊ असेल तर आठ फुटाला साडेचार फूट उंची मिळते, पण चित्र भरेल जेमतेम तीन फुटांच्या थोडं वर. वर-खाली काळं राहणारच. ते घालवायला प्रोजेक्टरवरचं झूम वाढवू नका, कडा कापल्या जातात. नृत्यदिग्दर्शकांनी त्या रुंदीवरच रांगा लावलेल्या असल्याने तुमच्या भरतनाट्यमवाल्यांना कडेच्या राजकन्या दिसणारच नाहीत. टीव्हीसाठी जुन्या काळी कापलेली चौकोनी प्रत हाती आली तर ती सरळ परत करा, जवळपास निम्मं चित्र त्यात नसतं. खालची सबटायटलची पाटी काळ्या पट्टीत सरकवता येते का ते आधी बघा. चित्रावर आली की वेशभूषेचा खालचा भाग झाकला जातो.

प्रत विकत घेतलेली असली तरी घरगुती डिस्कवर मंडळाचं प्रदर्शन करता येत नाही, त्याचा परवाना वेगळा. तो अर्ज आत्ताच टाका. संदर्भासाठी लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं ग्रंथालय तुम्हाला पायी अंतरावर आहे.

टिपणात काय घालू नये हे विचारलं होतंत. गुण देऊ नका. दहापैकी सहा अस्सल, असलं काही नको. आणि 'किंग अँड आय'च्या पानावर इतिहासाच्या रकान्याला निम्मी जागा द्या. 'ब्रिगाडून'ला दोन ओळी पुरतात, तिथे कोणाची बदनामी झालेली नाही, फक्त किल्टची तारीख चुकली आहे.

---

अरैमंडी

कीबोर्ड आणि स्पीकर एकाच प्लगपट्टीवर लावा, वेगवेगळ्या ठिकाणी लावले तर गुणगुण येऊ शकते. कोमल_गंधार यांचं प्रात्यक्षिक पहिल्या रविवारी, 'किंग अँड आय'बरोबर. आकडे कागदावर लिहून कीबोर्डच्या मागे चिकटवा, बंद करून चालू केला की बऱ्याच कीबोर्डांत सगळं पुसलं जातं.